पुण्याची एक सीट आणि आमची बॅच

कोल्हापुरात पंचवीस माणसं एका हॉलमध्ये बसवून त्यांना नेतृत्व शिकवायला घेतलं, की किस्से जमवावे लागत नाहीत. आवरावे लागतात! एक सांगून संपत नाही तोवर दुसरा घशाशी येऊन थांबलेला असतो. आमच्या त्या बॅचमधली दोघं जरी आज रस्त्यात भेटली तरी गाड्या बाजूला लागतात, आणि घरी पोचल्यावर आठवतं की आपण भाजी आणायला निघालो होतो.

तर आधी काम काय होतं ते सांगते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. परदेशातल्या एका ट्रस्टने ठरवलं, की खेड्यांतले आरोग्य कर्मचारी आणि पब्लिक हेल्थ शिकणारी मुलं यांना एकत्र बसवून नेतृत्वाचं ट्रेनिंग द्यायचं. पैसे त्यांचे, हॉल मंगळवार पेठेतला. दर महिन्याला चार दिवस वर्ग, मधल्या काळात प्रत्येकाने आपापल्या गावात एक प्रोजेक्ट करायचा. आणि वर्षाअखेर अख्ख्या बॅचमधून एकाला पुण्यात वर्षभराचा कोर्स, सगळा खर्च ट्रस्टचा. सीट एकच! शिरगावकर मॅडम आमच्या प्रमुख. मी कोऑर्डिनेटर, म्हणजे खुर्च्या लावण्यापासून पाहुण्यांना स्टेशनवरून आणण्यापर्यंत सगळं.

नोकरी लागली तेव्हा मी उड्या मारतच वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, गुळाच्या दुकानात गेले. अप्पा गिऱ्हाइकाला ढेप दाखवत होते.

"काय काम हाय गं?"

"लीडर तयार करायचे, अप्पा!"

अप्पांनी ढेप खाली ठेवली. गिऱ्हाइकाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"शैले, कोल्हापुरात पुढारी कमी पडले व्हय, म्हणून भाईरनं पैसा आणून तयार करायला लागलाय?"

* * *

पहिल्या दिवशी चहाच्या सुट्टीत एक बाई मला दंडाला धरून जिन्यापाशी घेऊन गेल्या. पांढरी साडी, ठणठणीत आवाज. या सुनंदा सिस्टर. हातकणंगल्याच्या पुढे एका गावात उपकेंद्राच्या नर्स. बारावीला चांगले मार्क पडले होते, पुढे शिकायचं होतं, पण लग्न झालं आणि ते राहूनच गेलं. हे सगळं त्यांनी मला चहा थंड व्हायच्या आत सांगितलं.

"ताई, ती पुण्याची सीट माझी हाय."

"अहो सिस्टर, आज पहिला दिवस आहे!"

"व्हय की. म्हणूनच आत्ता सांगाय लागलोय, मागनं गडबड नको."

* * *

दुसऱ्या महिन्यात पुण्याहून एक ट्रेनर आले. काटकुळे, गोड बोलणारे. म्हणाले, "आज आपण विश्वासाचा खेळ खेळू. मी डोळे मिटून मागे पडणार. मागचा माणूस मला झेलणार. नेत्याला सहकाऱ्यांवर असा विश्वास टाकता आला पाहिजे."

मागे उभं राहायला त्यांनी सगळ्यात दणकट माणूस निवडला. तो होता रंगराव. सुनंदा सिस्टरच्याच उपकेंद्रातला आरोग्य सेवक. गावभर सायकलवरून फिरून तापाच्या रुग्णांचं रक्त घ्यायचं, विहिरीत पावडर टाकायची, हे त्याचं काम. पण जन्म पेठेतला आणि लहानपण तालमीत गेलेलं! हे ट्रेनरना कुणी सांगितलंच नव्हतं.

ट्रेनरनी डोळे मिटले, दोन्ही हात छातीशी घेतले, आणि मोठ्या विश्वासाने मागे पडले. पुढे काय झालं ते नीट कुणालाच दिसलं नाही. धप्पकन आवाज आला, आणि बघतो तर ट्रेनर सतरंजीवर उताणे, दोन्ही खांदे जमिनीला टेकलेले, आणि रंगराव त्यांच्या छातीवर! मागच्या दोन रांगांनी टाळ्या वाजवल्या. एकाने तर शिट्टी मारली.

रंगराव कासावीस होऊन त्यांना उठवत होता. "सर, चूक झाली. पन अंगावर आलेला गडी सोडायचा न्हाय, असं वस्तादांनी शिकिवलंय!"

ट्रेनर कपडे झटकून हसले, माणूस मोठ्या मनाचा होता. तेवढ्यात सिस्टरनी हात वर केला. "सर, ह्या खेळाला सीटचे मार्क हायती काय?"

* * *

शिरगावकर मॅडमना 'व्हिजन' या शब्दाचं फार प्रेम. एकदा त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले. "शांत व्हा. श्वास घ्या. आता मनात बघा, पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल?"

शिकणारी मुलं एकेक सांगू लागली. कुणी दिल्लीत होतं, कुणी जिनिव्हात. एक मुलगी तर भाषण करत होती म्हणे! मग पाळी आली आमच्या सरकारी नोकरीतल्या मंडळींची. डोळे सगळ्यांचे मिटलेलेच. तशातच एकमेकांना कोपरं मारणं चाललं.

शेवटी रंगराव म्हणाला, "मॅडम, ते बदली कुटं निघतीया त्यावर हाय."

* * *

प्रोजेक्टसाठी प्रत्येकाला थोडा निधी मिळायचा. काय काय लागणार ते लिहून द्यायचं. आणि सगळ्यांच्या कागदावर पहिली ओळ एकच: हार, नारळ, फेटा! ट्रस्टच्या मुंबई ऑफिसमधल्या बाईंनी फोन करून विचारलं, "अॅनिमियाच्या कामात नारळाचा नेमका उपयोग काय?"

मी बॅचला सांगितलं, हे काढायला लागेल. हॉलमध्ये गोंधळ माजला. इकडे पाहुण्यांच्या डोक्याला फेटा बांधल्याशिवाय माइक सुरू होत नाही, हे मलाही माहीत होतं, पण फोनवर सांगणार कसं?

रंगराव उठला. "ताई, नारळ फोडल्याबिगर काम सुरू करतो आमी. आमचं काय न्हाय. पन उद्या काय इस्कटलं तर त्या मुंबईच्या बाईंनी येऊन गावाला सांगायचं."

मी फोन लावला आणि जसंच्या तसं सांगितलं. पलीकडे बाई यादी पुन्हा पुटपुटत वाचू लागल्या. मग हळूच म्हणाल्या, "नारळ ठेवा. फेटा काढा."

* * *

शिकणाऱ्या मुलांपैकी एक मुलगा सर्व्हेला उचगावला गेला होता. प्रश्नावलीतला एक प्रश्न होता, घरातले आरोग्याचे निर्णय कोण घेतं? पहिल्याच घरात पुढच्या सोप्यात मालक बसलेले, मिशीला पीळ देत.

"मीच घेतो की! आनि कोण घेणार?"

मुलाने लिहून घेतलं. मालकांनी मान वळवून स्वयंपाकघराकडे आवाज दिला. "काय गं, असंच सांगायचं न्हवं?"

* * *

आता सिस्टरच्या प्रोजेक्टकडे येते. त्यांना गावातल्या बायकांचं हिमोग्लोबिन तपासायचं होतं. पोस्टर लावली, दवंडी दिली. आल्या किती? कुणी नाही! बायकांना शेत, गुरं, चूल. पुरुष म्हणायचे, "तिला काय झालंय? धडधाकट हाय की."

एका संध्याकाळी सिस्टर दुधाला म्हणून डेअरीत गेल्या. तिथं गावातले झाडून सगळे पुरुष, हातात किटल्या, लायनीत. आणि प्रत्येकाचे डोळे फॅटच्या मशीनवर. आकडा वर आला की छाती फुगायची, खाली गेला की सेक्रेटरीशी भांडण! म्हशीच्या दुधाला फॅट किती लागलं यावर तिथं माणसाची इज्जत ठरायची.

सिस्टर मधोमध उभ्या राहिल्या आणि त्या ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "म्हशीचं फॅट दिसातनं दोनदा तपासतासा. बायकूचं रगत जन्मात एकदा तरी तपासा की!"

सेक्रेटरी अण्णांच्या हातातलं माप तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फॅटच्या मशीनशेजारी सिस्टरचं टेबल लागलं, वर रक्ताचा रंग जुळवून बघायची काचेची ट्यूब, आणि किटलीच्या मागे एकेक बायको येऊ लागली! मी मुद्दाम बघायला गेले होते, आणि खरं सांगते, अंगावर काटा आला. आठवड्याभरात तर चढाओढ लागली. "आमच्या मालकिणीला साडेअकरा!" असं माणसं पारावर सांगायला लागली. अण्णा फॅटच्या आकड्याबरोबर हाही आकडा मोठ्याने पुकारत. सिस्टरनी दम दिला, तेव्हा कुठं थांबले.

एक गडी तर भांडायलाच आला. "सिस्टर, तुमचं मशीन चुकतंय. माझ्या बायकूला आठच कसं? ह्या शेजारच्याच्या बायकूला अकरा, आनि त्याची तर म्हस बी भाकड!"

"मशीन न्हाय, ट्यूब हाय. आनि बरोबर हाय."

"मग काय करू? पेंड वाढवू?"

सिस्टर उठून उभ्या राहिल्या. "पेंड म्हशीला घाला. हिला आदी जेवाय वाढा, आनि मागनं काय उरंल ते तुमी खावा!"

लायनीतल्या बायका जे हसल्या! त्या गड्याने खरंच तसं केलं की नाही देव जाणे, पण दोन महिन्यांनी त्याच्या बायकोचं दहावर गेलं, आणि सगळ्या डेअरीला चहा त्यानेच पाजला.

* * *

सिस्टरना वाटलं, सीट खिशात. पण शिरगावकर मॅडमनी त्यांना समोर बसवलं.

"सुनंदा, बोट टोचतेस तू, ट्यूब बघतेस तू, गोळ्या देतेस तू. रंगराव काय करतो?"

"खुर्ची आणतो."

"आणि तू आजारी पडलीस तर?"

"ताप असला तरी येतो की मी."

"आणि पुण्याला गेलीस तर?"

सिस्टर पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. मॅडम म्हणाल्या, "तू काम छान करतेस. पण सीट कामाला नाही, नेतृत्वाला आहे. तू नसताना जे चालतं, ते नेतृत्व." सिस्टर जिन्यापाशी जाऊन रडल्या. माझ्यासमोर रडल्या, म्हणून सांगते. मग नाक पुसलं आणि म्हणाल्या, "दुसऱ्याच्या हातात दिलं की वाटोळं करत्यात हो!"

तरी त्या शिकवायला बसल्या. रंगरावला हिमोग्लोबिनची तपासणी, अंगणवाडीच्या ताईंना ट्यूबमधला रंग जुळवून आकडा काढायला, अण्णांना कुणाला परत बोलवायचं ते. अंगणवाडीच्या ताई दोन दिवसांत तरबेज झाल्या. रंगराव? गावभरच्या तापवाल्यांची बोटं टोचणारा गडी! सिस्टर म्हणाल्या, "सरावाला तुजंच बोट टोच." एवढा तालमीतला पैलवान, स्वतःच्या बोटावर लाल थेंब दिसला आणि भुईवर आडवा झाला! ट्रेनरना त्या दिवशी बोलवायला पाहिजे होतं.

* * *

शेवटच्या निवडीसाठी मुंबईचे एक वयस्कर डॉक्टर आले. त्यांचा शब्द शेवटचा. सिस्टरचं काम बघायला ते, मॅडम आणि मी संध्याकाळी जीपने डेअरीवर पोचलो. रांग लागलेली, टेबल मांडलेलं, आणि सिस्टर? नाहीत!

मी धावत अण्णांना गाठलं. "अण्णा, सिस्टर कुठं आहेत?"

"डिलिव्हरीला गेल्यात. बसा की पावणं."

"अहो, आजच?"

"पोराला काय सांगायचं, आज येऊ नगंस म्हणून?"

मॅडमनी कपाळाला हात लावला. डॉक्टर मात्र शांत. "हरकत नाही. काम बघू." असं म्हणून ते टेबलाकडे निघाले, तर अण्णांनी आडवा हात घातला.

"पावणं, लाइन हाय."

मुंबईचे डॉक्टर किटल्यांच्या मागे लायनीत उभे राहिले! पुढे रंगराव भराभर बोटं टोचत होता, स्वतःचं सोडून सगळ्यांची. अंगणवाडीच्या ताई ट्यूब उजेडात धरून आकडा सांगत होत्या. एका बाईचं सात निघालं, तेव्हा तिच्या नवऱ्याला अण्णांनी बाजूला घेऊन झापलं, आणि सकाळी तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला जीप कुणाची, तेही तिथंच ठरलं. कुणी एकदाही दाराकडे बघितलं नाही.

डॉक्टरांची पाळी आली. रंगरावने त्यांचंही बोट टोचलं.

"साडेदहा," ताई म्हणाल्या.

मागून एक म्हातारे ओरडले, "पावणं, लोखंडी कढईतली मेथी खावा! आनि चहा कमी करा!"

डॉक्टर बोट दाबून धरत हसले. मग रांगेकडे वळून त्यांनी विचारलं, "सिस्टर नसताना इथली जबाबदारी कुणाची?"

"माजी!" अण्णा, रंगराव आणि अंगणवाडीच्या ताई एकदमच बोलले. मग एकमेकांकडे बघितलं, आणि जे भांडण जुंपलं! "तुजी कशी रं?" "टेबल माज्या डेअरीत हाय!" "ट्यूब कोण बगतंय मग?" त्यात ते मेथीवाले म्हातारेही शिरले. डॉक्टरांनी पेन खिशाला लावलं आणि मॅडमना म्हणाले, "मला आणखी काही बघायचं नाही. सीट सिस्टरचीच."

तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या घरातून सिस्टर लगबगीने आल्या, पांढरी साडी अगदी परीटघडीची. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, पुण्यात थंडी फार. स्वेटर घ्या बरोबर." त्या ठणठणीत बाईने पदर तोंडाला लावला. मी तर सरळ रडायलाच लागले. मॅडमनी दोघींना जवळ घेतलं, अण्णांनी नारळ मागवला, आणि फेटाही निघाला!

गडबड जरा निवल्यावर मी सिस्टरचा हात धरला. "सिस्टर, मुलगा झाला का मुलगी?"

पदराने डोळे पुसत सिस्टर म्हणाल्या, "कुणाला?"