भिंतीपाशी गेलेलं ऊन

गवंडी लोक त्याला ओळंबा म्हणत. वाकडं काम त्याला लांबून दिसायचं आणि दिसलं की तो ते पाडायला लावायचा. तीस वर्षं त्याने घाटरस्त्याच्या कडेच्या दगडी भिंती बांधल्या. बर्फ वितळला की वर जायचा आणि पुन्हा पडेपर्यंत सात-सात महिने तिथेच राहायचा. घरी आला की बायकोला वरच्या तळ्याचं सांगायचा. मध्ये निळं, कडेला हिरवं, आणि दोन्ही रंग आपापल्या जागी. ती भाजी चिरता चिरता म्हणायची, "न्याल तेव्हा खरं."

नेलं नाही. आधी पोरं लहान, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. तो निवृत्त झाला तोवर तिचे डोळे निम्मे गेले होते. समोर काळा डाग, कडेचं तेवढं दिसायचं, तेही लख्ख उन्हात. डॉक्टर म्हणाले, काय बघायचं ते हिवाळ्याआधी बघून घ्या.

तेव्हा कुठे त्याने मेव्हण्याकडे गाडी मागितली. किल्ली देताना मेव्हणा म्हणाला, "दाजी, ताईला तळं दाखवा. भिंती दाखवत बसू नका."

"मी काय वेडा आहे?"

पहाटे निघाले. डोंगर चढायला लागल्यावर खालचं तळं आलं. ऊन वर आलं होतं. तिने मान तिरकी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं.

"निळं आहे ना हो?"

"निळंच."

"दिसलं मला!" ती पोरीसारखी हसली. "वरचं याहून मोठं?"

"त्याच्यापुढे हे डबकं. फक्त दुपारच्या आत पोचायचं. नंतर धुकं उतरतं."

तळं तासाभरावर राहिलं आणि त्याने बांधलेली एक भिंत आली. लांब, दोन पुरुष उंच. त्याने वेग कमी केला. पाणी निघायला भिंतीत ठेवलेली भोकं माती-गवताने बुजली होती आणि मधोमध भिंतीला चार बोटं पोट सुटलं होतं. मागे पाणी तुंबलं की भिंत अशी फुगते आणि एक दिवस रस्त्यावर येते.

"का थांबलो?"

"दोन मिनिटं."

डिकीतली लोखंडी कांब घेऊन तो खालच्या ओळीला भिडला. पहिल्या भोकातून गढूळ पाण्याची चूळ उडाली. एक मोकळं करून बाकीची सोडायची हे त्याच्याने होणारं नव्हतं. अर्धं केलेलं काम तो काम धरतच नसे.

"अहो, भिंत काही पळून जात नाही!" तिने हाक मारली.

"अशीच जाते. झालंच."

आणखी एकदा हाक आली. मग आली नाही. खालची ओळ संपवून, मनगटापर्यंत चिखल आणि सोललेली बोटं घेऊन तो परतला, तेव्हा गाडीवर डोंगराची सावली पडली होती. त्याने गाडी दामटली.

वर धुकं होतं. त्याने तिला काठाच्या कठड्याशी उभं केलं. त्याला स्वतःला वीस पावलांपुरतं करडं पाणी दिसत होतं, पुढे काही नाही. ती मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे करत राहिली.

"कुठे आहे?"

"समोरच."

"मला सगळं पांढरंच दिसतंय."

"हटेल आता."

दीड तास थांबले. हटलं नाही. तिचे दात वाजायला लागले.

"उद्या सकाळीच येऊ," तो म्हणाला.

"भोकं किती राहिलीत?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता.

खोटं बोलणं त्याला जमत नसे. "वरची ओळ."

"मग चला. उजेड आहे तोवर करून टाका. मी बसते गाडीत."

त्याने ती ओळ पुरी केली. रात्री वर बर्फ पडला आणि घाट बंद झाला. हिवाळा सरून तो उघडला तेव्हा तिला फक्त दिवस उगवलेला आणि मावळलेला कळत होता. कोणी तळ्याचं विचारलं तर ती म्हणते, "खालचं पाहिलंय मी. निळं होतं." तो उठून बाहेर जातो.