माझं शुगरचं पेन

आज दुपारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं, माझ्यामुळे दोघांचं रक्त कावीळ आणि एचआयव्हीसाठी तपासावं लागणार आहे. माझंही.

झालं असं. शुगर तपासायला मोठी रांग होती. माझ्या बाकावर रिक्षावाले इब्राहिमभाई आणि मासे विकणाऱ्या ताराकाकू उपाशीपोटी बसले होते. माझ्या पिशवीत घरचं शुगरचं मशीन आणि बोट टोचायचं सुईचं पेन होतं.

"दादा, तुमच्याकडं मशीन हाय ना? मग टोचा की. नंबर येईपर्यंत माझी मासळी नासंल."

मी आधी माझं बोट टोचलं, मग त्या दोघांची. घरी मी एकच सुई आठवडाभर वापरतो. इथे दर वेळी स्पिरिटने पुसली आणि झालं, असं मला वाटलं.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. "सुई बदललीत?"

"पुसली."

"पुसून भागत नाही. आणि सुई बदलली तरी पेन ज्याचं त्यानेच वापरायचं."

इब्राहिमभाई म्हणाले, "साहेब, तुम्ही बातम्या लिहा. डॉक्टरकी राहू द्या."

काकू हसल्या नाहीत. "सून बाळंत झालीय. नातवाला घ्यायचं का न्हाय आता?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, खुशाल घ्या. काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझीही मान वर झाली नाही.

तुमच्या घरी शुगरचं पेन किती जणांत फिरतं?

उद्या सकाळी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात आमचं रक्त घेतील, लागली तर काविळीची लस देतील, काही महिन्यांनी पुन्हा तपासतील. तोवर काकू रोज माझ्या दारावरून मासे घेऊन जाणार आहेत.