दरीतून आलेला जबाब

नमस्कार मंडळी. या ग्रुपवर मी तीन वर्षं नुसती वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर बरेचदा हसू येतं. कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाचा रस्ता संपतच नाही... मी वाचते, मनातल्या मनात विज्ञानाचे नियम लावते आणि मोबाईल ठेवून भाजी फोडणीला टाकते. मुरबाडला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते मी. अमावस्येला मुद्दाम नखं कापणारी बाई. असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. तरी आज लिहिते आहे, कारण जे झालं ते दिवसाढवळ्या झालं, आणि त्यामुळे माझी आई मला परत मिळाली.

आधी थोडं घरचं सांगावं लागेल. आमचं मूळ घर वैशाखऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याच्या एका पाड्यावर. तिथे रानात गेलेल्या माणसाला नावाने हाक मारत नाहीत, कुकारा देतात. प्रत्येक घराचा कुकारा वेगळा. आमचा असा — दोन तोकडे आणि एक लांब. कू, कू, कूऽऽऽ. ही साद. ऐकणाऱ्याने ती उलटी करून परत द्यायची, म्हणजे आधी लांब आणि मग दोन तोकडे. हा जबाब. जबाब देणारा जिथे असेल तिथे आपण जायचं. आणि माणूस सापडलं की शेवटी एकच सूर द्यायचा, दम संपेपर्यंत. त्याला बाबा 'मोकळा कुकारा' म्हणतात. सापडलं, आता शोधणाऱ्यांनी घरी जावं, असा त्याचा अर्थ. तो द्यायला विसरलं तर कुणीतरी बिचारा रानात शोधतच राहतो.

हे सगळं घरातल्या बाप्यांनाच शिकवायचं, परक्याला नाही. आजोबा गेले, काका गेले, मला भाऊ नाही. उरले फक्त बाबा.

चार वर्षांपूर्वी मी दोघांना मुरबाडच्या फ्लॅटवर आणलं. पहिल्याच आठवड्यात आई खाली कोथिंबीर आणायला गेली आणि चहा निवायला लागला, म्हणून बाबांनी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून कुकारा दिला. सगळी बिल्डिंग बाहेर आली. सेक्रेटरी वर येऊन गोडीत बोलून गेले, आणि मी बाबांवर चिडले. म्हटलं, "बाबा, हे पाड्यावर ठीक होतं. इथे शोभतं का? लोक हसतात. जरा हळू बोलत जा." ते "बरं गो" म्हणाले. त्यानंतर त्यांनी कुकारा दिला नाही. हळूहळू बोलणंही कमी झालं. ते माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला, हे कबूल करते.

यंदा मे महिन्यात दोघांना घेऊन मॉरिशसला गेले. आमचा बारा जणांचा ग्रुप, सात दिवसांची टूर. बेट सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. निळाहिरवा समुद्र, सात रंगांची माती, जिथे बघावं तिथे ऊस. आणि दर कोसाला एक दंतकथा. समुद्रात घुसलेला एक मोठा डोंगर आहे. मळ्यांमधून पळालेले गुलाम तिथे लपले होते, म्हणे. वाऱ्यावर त्यांच्या हाका अजून ऐकू येतात, असं आमचा ड्रायव्हर सोमा सांगत होता. मी आईला म्हटलं, "प्रत्येक डोंगरात हाका ऐकू येतातच. वारा असतो तो."

हा सोमा तिथलाच, पण म्हणायचा, "हम भी मराठी." त्याचं कुठलंतरी खूप जुनं माणूस मुंबईहून जहाजाने ऊस तोडायला आलेलं. मुंबईच्या आधी कुठून, ते त्याला ठाऊक नव्हतं. हे ऐकून बाबा पुढच्या सीटवर सरकून बसले. आमच्याकडेही अशी एक गोष्ट आहे. बाबांच्या पणज्याचा थोरला भाऊ मुकादमाबरोबर दर्यापल्याड ऊस तोडायला गेला, तो आलाच नाही. कुठल्या बेटावर, कुणाला माहीत नाही. बाबा सोमाला एवढंच म्हणाले, "आमचा पन एक हिकडंच कुठं गेलेला." सोमाला कळलं की नाही, देव जाणे. त्याने बाबांना एक उसाचं कांडं दिलं.

पाचव्या दिवशी आम्ही दक्षिणेकडच्या मोठ्या जंगलात गेलो. वर व्ह्यूपॉइंट, खाली खोल दरी, समोर पांढरा धबधबा. आईला डायबेटिस आहे. दुपारी इन्सुलिन घेतलं, पण हॉटेलातल्या त्या नूडल्स बघून तिने ताट बाजूला सारलं होतं. मी पर्समधली बिस्किटं काढेपर्यंत सगळ्यांची फोटोंची गडबड सुरू झाली... आणि वर बघते तर आई नाही.

आधी वाटलं, टॉयलेटला गेली असेल. मग बस पाहिली. तिचा मोबाईल सीटवर पडलेला. पावणेतीन वाजले होते. तेवढ्यात दरीतून धुकं वर आलं आणि दहा मिनिटांत समोरचा धबधबासुद्धा दिसेना.

जंगलाचे दोन रखवालदार आले. चांगले होते बिचारे, शिट्ट्या फुंकत, "मादाम, मादाम" करत पायवाटेने गेले. सोमा दुसऱ्या बाजूला गेला. साडेचार वाजले तरी पत्ता नाही. रखवालदार म्हणाले, अजून तासाभराने अंधार पडेल, मग धुक्यात शोधणं कठीण. मी डोक्यात हिशोब करत होते — इन्सुलिन घेऊन किती तास झाले, पोटात काय आहे, साखर किती खाली आली असेल. ती नुसती हरवली नव्हती. कुठेतरी बेशुद्ध पडण्याच्या बेतात होती.

बाबा कठड्याला धरून उभे होते. मग माझ्याजवळ आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "मी कुकारा देऊ का गो? लोकं हसतील, पन..."

मंडळी, माणूस बायको हरवल्यावर तिला हाक मारायला लेकीची परवानगी मागतो. अशी वेळ मी त्यांच्यावर आणली होती. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी म्हटलं, "द्या बाबा. पाहिजे तेवढा मोठ्याने द्या."

त्यांनी तळवे तोंडाशी धरले. बहात्तर वर्षांचा माणूस, चार वर्षं न काढलेला आवाज. पहिली साद फाटली. दुसरी जरा बरी गेली. तिसरी... ती अशी गेली की मोबाईलमध्ये डोकं घातलेले आमच्या ग्रुपमधले लोकही उभे राहिले.

आणि दरीतून जबाब आला.

मी लगेच म्हटलं, प्रतिध्वनी. शिकवतेच की मी तो दरवर्षी. रखवालदारही "एको, एको" म्हणाला. बाबांनी नुसती मान हलवली. "नाय. नीट ऐक." त्यांनी पुन्हा साद दिली. दोन तोकडे, एक लांब. आणि खालून, डावीकडून, पुरुषाच्या जाड आवाजात आलं — आधी लांब. मग दोन तोकडे.

प्रतिध्वनी उलटा होत नाही. पहिला गेलेला आवाज पहिला परत येतो, हे मी नववीच्या वर्गात टाळी वाजवून दाखवते.

बाबा डावीकडे उतरायला लागले. रखवालदार अडवू लागले, तिकडे वाटच नाही म्हणाले. बाबा थांबले नाहीत. "जबाब हिकडून येतोय," एवढंच म्हणाले. मग मी, सोमा आणि एक रखवालदार त्यांच्या मागे. ज्या माणसाला जिन्यावर मी हात धरायला लावते, तो ओल्या मुळांवरून घरच्या बांधावरून जावा तसा चालला होता. वीस-पंचवीस पावलं, की साद. खालून जबाब. पुन्हा वीस पावलं. दर वेळी जबाब जवळ येत होता. एकदा आम्ही जास्त उजवीकडे गेलो तर तो मागून आला, म्हणून वळलो. शेवटचा तर समोरच्या पेरूच्या दाट झुडपातून, दहा हातांवरून आला. सोमाने माझा दंड घट्ट धरला होता.

झुडपाशेजारी आई बसलेली. झाडाला टेकून, पाय पसरून, पदरात त्या रानातले बारके लाल पेरू. अंगाला दरदरून घाम, हात थरथरताहेत, पण शुद्धीत. मी तिच्या तोंडात ग्लुकोजची पावडर कोंबली आणि रडायला लागले. बाबा तिच्याजवळ बसले. दोन घोट पाणी पिऊन तिने बाबांकडे बघितलं, मग झुडपाकडे, मग परत बाबांकडे.

"तुमी वरून आलात?"

"वरूनच की."

"मंग हितं इतका वेळ कोन कुकारत होतं? मला वाटलं तुमीच हाव. ओ द्यायला गेले तर आवाजच फुटंना. म्हनलं, जवळ येऊन पन पुढं का येत नाय हा मानूस."

सोमाने झुडूप हाताने बाजूला करून पाहिलं. पलीकडे सरळ कडा होता. उभं राहायलासुद्धा जागा नव्हती.

वर येताना मी आईला झापलं. म्हटलं, इतके लोक शिट्ट्या फुंकत होते, हाका मारत होते, तुला ऐकू आलं नाही? ती म्हणाली, "आलं की. दोनदा हाका मारायचे आनि पुढं जायचे. रानात तिसऱ्या हाकेबिगर ओ देत नाय गो, चकवा असला मंजे? तिसरी कोन मारंच ना. आनि ते मादाम मंजे मी, हे मला काय ठावं?" पेरू दिसले म्हणून एका झुडपापासून दुसऱ्याकडे खाली उतरत गेली, धुकं आलं, तशी नियमाप्रमाणे जागच्या जागी बसली. आमच्या पाड्यावरच्या प्रत्येक बाईने हेच केलं असतं. त्यापायी ती जवळजवळ जीव गमावून बसली होती.

व्ह्यूपॉइंटवर ग्रुपने टाळ्या वाजवल्या. बाबांना कुणी चहा दिला, कुणी खांद्यावर शाल टाकली. हॉटेलवर पोचेपर्यंत माझी छाती फुगलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा अंघोळ करून, टोपी घालून दारात उभे. "परत तिकडं जायाचंय."

"कशाला?"

"काल मोकळा कुकारा द्यायचा राहिला. तो अजून शोधत असंल."

कोण, ते मी विचारलं नाही. त्या दिवशीचा कार्यक्रम बीच आणि खरेदीचा होता. मी ग्रुपला कसं सांगू म्हणून शब्द जुळवत होते, तर सोमाने आधीच बस जंगलाच्या दिशेने लावून ठेवलेली. नाश्त्याला त्यानेच सगळ्यांना सांगितलं होतं. एकानेही कुरकुर केली नाही.

लख्ख ऊन होतं. धबधबा दिसत होता, लांबवर समुद्र दिसत होता. बाबांनी आईला शेजारी उभं केलं आणि एकच लांब सूर सोडला. दरीवरून तो पार पलीकडे गेला. या वेळी आवाज कुठेही फाटला नाही. तो संपला आणि ग्रुपने नेमका टाळ्यांचा कडकडाट केला, त्यामुळे मोबाईलच्या रेकॉर्डिंगवर पुढचं काही आलेलं नाही. पण कठड्याशी उभ्या असलेल्या आम्हा चौघांनी ऐकलं — आई, बाबा, सोमा आणि मी. खालून तसाच एक लांब सूर आला. बाबांच्यापेक्षा जास्त वेळ चालला, आणि दरीतून उतरत उतरत, लांब जात जात संपला.

"गेला घरी," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते हसत होते.

कोण होता तो? मला माहीत नाही. त्या बेटावर आणखी कुणी हा कुकारा जपला असेल का, म्हणून सोमाने गावोगाव विचारलं. अजून फोन करतो, पण कुणालाच ठाऊक नाही. बाबांच्या पणज्याचा भाऊ, असं आई ठामपणे म्हणते. बाबा म्हणतात, "कोन असंल तो असंल, आपल्या घरचा जबाब येत होता त्याला." मी कागदावर दरीची आकृती काढून, आवाजाचा वेग मांडून दहा वेळा बघितलं. उत्तर येत नाही.

परत आल्यावर मी सेक्रेटरींना आमची हकीकत सांगितली. आता संध्याकाळी आई भाजीला खाली गेली, की गॅलरीतून कुकारा जातो. आई पहिल्याला वर बघत नाही, दुसऱ्याला बघत नाही. तिसऱ्याला हात हलवते. खालच्या मजल्यावर सेक्रेटरी बोटं मोजत उभे असतात.

आणि रविवारी आम्ही पाड्यावर जातो. बाबा मला शिकवतात. बायकांना शिकवायचं नसतं, मीच आठवण करून दिली, तर म्हणाले, "मानूस हरवल्यावर बाई का बाप्या कोन बघतो?" माझी साद अजून फाटते. पण गेल्या रविवारी जबाब मात्र मला पहिल्यांदाच बरोबर देता आला, आधी लांब, मग दोन तोकडे. बाबा पलीकडच्या टेकडीवर होते. तिथून ते ओरडले, "जरा मोठ्यानं बोल गो, ऐकू यायला पायजे."