सुक्या मासळीतली बाटली

व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी अडोयोला सासरी कुणी नावानं हाक मारत नसे. माहेर उगेन्याचं, म्हणून ती 'उगेन्यावाली'. बाजारात ती सुकी मासळी विकायची. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की म्हणायची, "वास फुकट न्या, मासळीला पैसे पडतील."

पहिल्या बाळंतपणात तिचं रक्त तपासलं, चांगलं निघालं. नवरा ओबुरा तपासायला गेलाच नाही. "एका चटईवर निजतो. तिचं रक्त तेच माझं," असं तो नावेवरच्या गड्यांना सांगे, आणि तेही माना डोलवत. दुसऱ्या खेपेला तिला एचआयव्ही निघाला. आता सगळा दोष आपल्याच माथी येणार, हे ती ओळखून होती. तिनं आपल्या गोळ्या आणि तान्हीचं औषध मासळीच्या टोपलीत तळाशी दडवलं. अंगावरच्या दुधातून लागण होऊ नये म्हणून तान्हीला ते रोज पाजावं लागे.

एका सकाळी औषधाची बाटली ओबुराच्या हाती लागली.

"मी चांगला होतो. कुणाकडून आणलंस हे?"

"तुम्ही तपासलंत कधी?"

वल्ह्याचा पहिला फटका हातावर बसला. हाड मोडलं. दुसरा तोंडावर. रक्ताबरोबर दात बाहेर आला. मग त्यानं बाटली चुलीच्या दगडावर फोडली. तान्हीला अजून औषध पाजायचं होतं. धड असलेल्या हातात तिला घेऊन अडोयो दाराकडे सरपटली. ओबुरा दारात वल्हं उगारून उभा राहिला.

अंगणातून सासूचा आवाज आला. "वाट सोड तिची."

"आई, मधे पडू नकोस. हिनं माझा जीव घेतलाय."

"माझं रक्त चांगलं निघालं म्हणून तुझा बापही निर्धास्त होता. तो बघ कुंपणापाशी पुरलाय." म्हातारीनं कमरेच्या वस्त्राच्या गाठीला हात घातला. आईनं लेकापुढं वस्त्र फेडावं, यापरता तिथं शाप नाही. "सोडू गाठ?"

ओबुरानं वल्हं भिंतीवर आपटून मोडलं आणि तोंड फिरवलं. अडोयो त्याच्या बाजूनं बाहेर पडली.

दवाखान्यात नर्स तिचा हात बांधायला धावली.

"आधी हिला पाजा," अडोयो म्हणाली.

ती परत त्या घरात गेली नाही. दोन्ही लेकरांना घेऊन अंगणापलीकडं सासूच्या स्वयंपाकाच्या झोपडीत राहिली. हात वाकडाच जुळला. ओबुरा अजून तपासायला गेलेला नाही.

दीड वर्षानं मुलीची शेवटची तपासणी झाली. लागण नव्हती. अडोयो दवाखान्याच्या पायरीवर बसली ती उठेचना.

"ऊठ गं उगेन्यावाली," सासू म्हणाली. "पोरीला भूक लागलीय. आणि मलाही."