तीन नंबरच्या बाई

आमच्या वकिलातीत माणसाला नाव नसतं, खिडकीचा नंबर असतो. एक नंबर म्हणजे पासपोर्ट, दोन नंबर म्हणजे शिक्के आणि तीन नंबर म्हणजे ‘इतर’. साहेबांना ज्याचं काय करायचं ते कळत नाही, ते सगळं इतर. परक्या देशात मेलेल्यांचे कागद, हरवलेली माणसं, आणि कामाला म्हणून आणून कोंडून ठेवलेल्या आपल्याकडच्या मुली. त्या खिडकीवर बाई बसायच्या. मी वकिलातीचा ड्रायव्हर. एकवीस वर्षं गाडी चालवली, त्यातली तेरा बाईंची बोलणी खात. “अरे, हा ब्रेक आहे की नुसता शोभेला लावलाय?” असं ऐकल्याशिवाय आमची सकाळ सुरू होत नसे.

बाई इकडे नवऱ्यामागे आल्या. तो बंदरात क्रेन चालवायचा. चार वर्षांत गेला, तोही अपघाताने नाही, साध्या तापाने. मुलगा शाळेत होता. परत जाऊन दिराच्या दारात हात पसरण्यापेक्षा बाईंनी वकिलातीत टायपिस्टची जागा धरली आणि हळूहळू तीन नंबरवर आल्या, कारण तिथे बसायला दुसरं कोणी तयार नव्हतं. पुढे मुलगा शिकला, नोकरीला दुसऱ्या शहरात गेला, लग्न झालं. सूनबाई दर रविवारी फोन करून विचारायच्या, “आई, तुमच्या खिडकीला दार नाही का? निघून या की.” बाई म्हणायच्या, “तू बाळंतपणाची तारीख सांग, मी येते.” सूनबाई विषय बदलायच्या. सासू म्हणून बाई काही सोप्या नव्हत्या.

त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणावर ‘जुन्या फायली’ अशी चिठ्ठी होती. आत रबरी चपला होत्या, सगळ्या मापांच्या. मुली पळू नयेत म्हणून मालक त्यांच्या चपला कुलपात ठेवतात, त्यामुळे आमच्याकडे पोचणारी मुलगी बहुतेक अनवाणीच असते. बाई तिच्या तोंडाकडे बघायच्या आधी पायांकडे बघायच्या, खण उघडून बरोबर मापाचा जोड काढून ठेवायच्या आणि मग म्हणायच्या, “बस.”

पण ज्या पळू शकत नव्हत्या, त्यांना ओळखायची बाईंची स्वतःची पद्धत होती. पासपोर्टाची मुदत संपली की एजंट मुलींना घेऊन यायचे. बाई फॉर्म पुढे सरकवून म्हणायच्या, “पत्ता लिही.” जी मुलगी तीन वर्षं एका घरात राबते आणि तिला त्या घराचा पत्ता ठाऊक नाही, तिथे बाईंची भुवई वर जायची. मग त्या फोटो नापास करायच्या. “कान दिसत नाहीत. आत चल, दुसरा काढू.” फोटोच्या खोलीत फक्त अर्जदाराला जाता येतं, एजंटाला नाही. तिथे दार लावून बाई तीन प्रश्न विचारायच्या. दार आतून उघडतं का? पासपोर्ट कोणाकडे असतो? घरी शेवटचं कधी बोललीस? उत्तरं ऐकली की चौथा प्रश्न. “इथेच राहतेस?” बहुतेक जणी घाबरून नाही म्हणायच्या. बाई जबरदस्ती करत नसत. वकिलातीचा फोन नंबर त्यांच्याकडून दहा वेळा म्हणवून घ्यायच्या, पाढे घोकवावेत तसा, आणि सोडून द्यायच्या. बाहेर अत्तराने घमघमणारा एक एजंट होता, तो हसून म्हणायचा, “बाईंना एकाही पोरीचे कान पसंत नाहीत.” मला त्याच्या पायावरून गाडी घालावीशी वाटायची.

त्याच अत्तरवाल्याने एकदा मधलीला आणलं. तिघी बहिणींतली मधली, म्हणून आम्ही सगळे तिला तेच म्हणायला लागलो. तेवीस वर्षांची, आणि हातांना साबणाच्या सोड्याने भेगा पडलेल्या. आईवडील नव्हते. थोरलीचं, म्हणजे ताईचं लग्न झालेलं आणि दोघी धाकट्या बहिणी ताईच्याच घरात वाढलेल्या. फोटोच्या खोलीत ती “नको, जाते मी” म्हणाली. नऊ दिवसांनी मालकीण आंघोळीला गेली असताना कोणीतरी पार्सल द्यायला आलं आणि दार उघडलं. ही तशीच निघाली. भाजीच्या दुकानातून फोन करून म्हणाली, “मी तीन नंबरवाली.” मी आणि बाई जाऊन तिला घेऊन आलो. निवारा म्हणजे वकिलातीच्या मागच्या गल्लीतला एक भाड्याचा फ्लॅट. दोन खोल्या, आठ पलंग. तिथे ती दोन दिवस भिंतीला टेकून बसून राहिली. पलंगावर पडायला तयार नाही, जरा खुट्ट झालं की उभी.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, ती झोपली. बसल्या बसल्या कलंडली आणि झोपली.

आता इथे एक नियम सांगायला हवा. पासपोर्ट नसलेल्या माणसाला घरी पाठवायचं तर एकवेळचा परवाना काढावा लागतो. त्यासाठी घरून कोणीतरी सांगावं लागतं, की हो, ही आमचीच. तो फोन बाई करायच्या आणि मुलीला शेजारी बसवून करायच्या. आधी विचारायच्या, हा नंबर कोणाचा, हा माणूस कसा, ह्याला सांगू का? तेरा वर्षांत ह्यात कधी चूक झाली नव्हती. त्या दिवशी शनिवारच्या विमानात एक जागा मिळत होती. पुढचे दोन दिवस कचेरी बंद. दुपारी एकच्या आत कागद वर गेला नाही तर जागा जाणार. बाई निवाऱ्यात आल्या, झोपलेल्या पोरीकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, “कशाला उठवायचं? फॉर्मवर नंबर आहे की. जवळचा नातेवाईक, बहिणीचा नवरा.”

त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. पलीकडे भावोजी होते. माणूस रडला हो! “जिवंत आहे ना पोर? कुठे आहे? कधी येतेय?” बाईंचेही डोळे भरले. एरवी काटेकोर असलेल्या त्या बाईने सांगून टाकलं, की आमच्या निवाऱ्यात आहे, सुखरूप आहे, शनिवारी सकाळी दहाच्या विमानात बसवते. फोन ठेवून मला म्हणाल्या, “बघ, जगात असेही भावोजी असतात.”

शनिवारी सकाळी सात वाजता दोन पोलीस निवाऱ्याच्या दारात उभे राहिले. मालकिणीची अंगठी चोरीला गेल्याची तक्रार होती. तक्रार गुरुवारी चार वाजता नोंदवलेली, आणि खाली लिहिलेलं, की आरोपी शनिवारी दहाच्या विमानाने पळून जाणार आहे. बाईंनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा असा उतरला, की मी खुर्ची पुढे केली. विमानाची वेळ त्यांनी एकाच माणसाला सांगितली होती. फॉर्म भरला होता अत्तरवाल्याने, आणि त्यावर नंबर दिलेले भावोजी धंद्यात त्याचेच जोडीदार होते. मधलीला विकली होती ती भावोजींनीच. कुंपणानेच शेत खाल्लं होतं आणि आम्ही त्याच कुंपणाला विचारत होतो, की शेत तुमचंच ना?

मधलीला नेताना ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “तुम्ही मला उठवलं का नाही? मी शेजारच्या काकूंचा नंबर दिला असता.”

वकील चांगला मिळाला. तो म्हणाला, सोपं आहे. बाईंनी लेखी जबाब द्यायचा, की विमानाची वेळ मी फक्त अमुक नावाच्या माणसाला सांगितली आणि तीन तासांत ती तक्रारीत आली. म्हणजे हा सगळा बनाव आहे. मुलगी आरोपी राहणार नाही, साक्षीदार होईल आणि सुटेल. मात्र त्या माणसाचं नाव जबाबात हवं, आणि मग तिकडे त्याला उचलतील. अशा जबाबाने बाईंची नोकरीही गेली असती, कारण निवाऱ्याबद्दल बाहेर अवाक्षर बोलायचं नाही, असा कचेरीचा नियम होता. बाई म्हणाल्या, “नोकरी गेली खड्ड्यात.” पेन हातात घेतलं. मग खाली ठेवलं आणि म्हणाल्या, “आधी तिला विचारते.”

मी गाडीत डोक्याला हात लावला. विचारायचं काय त्यात? बुडणाऱ्याला कोणी विचारतं का, की बाबा, काढू का?

तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत मी बाईंच्या मागे उभा होतो. मध्ये काच. मधलीने सगळं ऐकून घेतलं. भावोजींचं नाव निघालं तेव्हा तिला धक्का बसेल असं मला वाटलं होतं, पण तिला ते ठाऊकच होतं.

“नाव लिहू नका,” ती म्हणाली.

“अगं, तू सुटशील.”

“मी सुटेन. आणि ताई? तिच्या पदरात दोन पोरं आहेत. धाकटी त्याच घरात आहे. भावोजींना आत टाकलं तर त्यांनी जायचं कुठे?” मग म्हणाली, “किती महिने होतील मला?”

“वकील म्हणतो सहा.”

“सहा ना? मग काढीन मी. धाकटीची शाळा संपेपर्यंत तिच्या डोक्यावर छप्पर राहू दे. ताईला यातलं काही कळवू नका. काकूंनाही फोन करू नका. शपथ आहे तुम्हाला माझी.”

बाईंनी शपथ घेतली. परत येताना मी भांडलो त्यांच्याशी. आयुष्यात पहिल्यांदाच आवाज चढवला. “शपथ कसली पाळताय? पोरगी अडाणी आहे, तिला काय कळतं? सही करून मोकळ्या व्हा.” बाई म्हणाल्या, “एकदा तिला न विचारता तिच्यासाठी ठरवलं. आता पुन्हा ठरवू?” त्या बरोबर आहेत असं मला वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

सहा महिने आम्ही दर बुधवारी गेलो. बाई भेगांसाठी मलम न्यायच्या, सुती कपडे न्यायच्या. स्वतः मात्र निम्म्या झाल्या. सूनबाईंना खरोखरच दिवस गेले, मुलाने तिकीट पाठवलं, तरी ह्या हलल्या नाहीत. “हिला बसवते विमानात, मग येते.” मुलगा चिडला. “आई, तुला सख्खं कोण ते तरी ठरव,” म्हणाला. बाईंनी ते मला सांगितलं आणि वर म्हणाल्या, “बरोबरच बोलला तो.”

सुटायच्या दिवशी मधलीला तुरुंगाच्या दारातून घेतलं आणि गाडी थेट विमानतळाच्या रस्त्याला लावली. हवा स्वच्छ होती, रस्ता मोकळा होता. बाई तिच्या शेजारी मागे बसल्या होत्या आणि बऱ्याच दिवसांनी माझ्या ब्रेकवर बोलल्या. मधली हसली. अर्ध्या वाटेत तिने बाईंचा फोन मागितला. “आता काकूंना लावते. ताईला बोलवतील. आज येतेय म्हणून सांगते.”

ताई फोनवर आली. आनंदाने इतकी मोठ्याने बोलत होती, की मला पुढे ऐकू येत होतं. मधली म्हणाली, “हो, मजेत आहे. काम बदललं होतं, म्हणून फोन करायला जमलं नाही. भावोजी कसे आहेत?” मी स्टिअरिंग घट्ट धरलं. मग ती म्हणाली, “धाकटीला दे ना.”

ताई म्हणाली, “अगं, म्हणजे ती भेटली नाही तुला? दोन महिने झाले की! ह्यांनी तुझ्याकडेच पाठवलंय तिला. शाळेत कुठे तिचं लक्ष होतं? कागदावर वय जरा वाढवून लावलं ह्यांनी. तुला सोबत होईल म्हणाले.”

मधलीने फोन कानावरून काढला नाही. ताई हॅलो हॅलो करत राहिली. मग बाईंनीच तो हळूच घेतला आणि बंद केला. मी आरशात बघायचं टाळत होतो. बाईंच्या तोंडून “अरे देवा” एवढंच निघालं, आणि मग त्या रडायला लागल्या. तुरुंगाच्या त्या सगळ्या बुधवारांत त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं नव्हतं.

मधली रडली नाही. “विमान नको,” ती म्हणाली. “तो जबाब कुठे द्यायचा, तिकडे घ्या.”

मी पुढच्या चौकातून गाडी वळवली. पोलीस कचेरीत दुसऱ्या मजल्यावर एक अधिकारी बाई होत्या. त्यांनी सगळं लिहून घेतलं. आमच्या बाईंनी आपला जबाब दिला, भावोजींचं नाव घातलं, सही केली. अधिकारी बाईंनी नवीन कागद घेतला. त्यांची भाषा आणि आपली भाषा ह्यांच्यामध्ये आमच्या बाई बसल्या. बहिणीचा फोटो आहे का? नाही. पासपोर्टावर नाव काय लावलंय? ठाऊक नाही. कोणत्या घरी आहे? ठाऊक नाही. मग वर्णन सांगा, दिसते कशी?

मधली बोलायला लागली आणि थांबली. तिने धाकटीला शेवटचं पाहिलं त्याला तीन वर्षं झाली होती. तेव्हा पोर चौदा वर्षांची होती.

“उंची?” अधिकारी बाईंनी विचारलं.

मधली उभी राहिली. तिने आपल्या खांद्याशी हात आडवा धरला. थोडा वेळ तो तसाच ठेवला. मग जरासा वर नेला, पुन्हा खाली आणला, आणि आमच्या बाईंकडे बघून म्हणाली, “आता किती झाली असेल हो?”

कागदावर ती जागा अजून कोरी आहे.