नाल्याकाठच्या पाण्याची वही

वाकोल्याच्या आमच्या वाचनालयात मी सतरा वर्षं ग्रंथपाल आहे. मला या कामाला लावलं ते अध्यक्षांनी. ते निवृत्त मुख्याध्यापक, आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. नाल्याकाठच्या चाळीतल्या बायकांना शनिवारी दुपारी बोलवून हवामान बदलाबद्दल बोलावं, ही कल्पनाही त्यांचीच.

पहिल्या शनिवारी मी तक्ते लावून तापमान, समुद्राची पातळी वगैरे समजावलं. बायका पदराआड जांभया देत होत्या. पुढच्या वेळी तक्ते गुंडाळून ठेवले आणि विचारलं, तुमच्या घरात पाणी कुठवर येतं? मग कुणी उठायला तयार नाही. एक म्हणाली, हल्ली तासाभराच्या पावसातच तांदळाचा डबा माळ्यावर टाकावा लागतो. दुसरी मे महिन्यात पत्र्याखाली राहवत नाही म्हणून बाळाला घेऊन दुपारभर आमच्याच जिन्यात बसायची, हे मला तेव्हा कळलं. मालवणकडच्या एक आजी लग्न होऊन या चाळीत आलेल्या. पाणी चढलं की त्या कॉटवर पाय घेऊन बसून राहतात. आता इथे राहणं म्हणजे जिवाशी खेळ, असं त्या म्हणाल्या.

मी सगळं वहीत उतरवलं, घर नंबरासकट. सरांनी वही चाळली. याची पुस्तिका काढू आणि ती दाखवून नाल्याची भिंत उंच करून घेऊ, असं म्हणाले. मी विश्वासाने वही दिली.

दोन महिन्यांनी वाचनालयातच सभा लागली. पुस्तिकेची असेल म्हणून मीच घरोघर जाऊन बायकांना बोलावून आणलं. सरांच्या शेजारी चाळीची जागा हवी असलेला बिल्डर बसला होता. त्याने कागद काढला आणि वाचायला लागला. तांदळाचा डबा, बाळाची दुपार, सगळं. शेवटी, "इथे राहणं म्हणजे जिवाशी खेळ." जागा राहण्याजोगी नाही हे तुमचंच म्हणणं आहे, तेव्हा सह्या करा आणि तात्पुरतं मानखुर्दला चला, असं त्याने सांगितलं.

आजी वळून माझ्याकडे बघत राहिल्या. "बाये, ह्या मी तुका सांगितलंय," त्या म्हणाल्या, "तेंका नाय."



सभेनंतर मी सरांना गाठलं. वही पुस्तिकेसाठी मागितली होतीत ना, असं विचारलं. ते चष्मा पुसत होते.

"तुझ्या कामाचा उपयोगच झाला की. नवीन इमारतीत वाचनालयाला अख्खा मजला मिळतोय."

वही परत मागितली तर म्हणाले, ती वाचनालयाची मालमत्ता आहे. ज्यांच्याकडून मी पुस्तकाला कव्हर घालण्यापासून सगळं शिकले, त्यांना माझ्याशी खोटं बोलताना जराही अवघड गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक दारात जाऊन खरं काय ते सांगितलं. कुणी भांडलं नाही. चहा मात्र एकाही घरात विचारला नाही. बायकांनी सह्या केल्या नाहीत. भिंतीसाठी वॉर्ड ऑफिसला स्वतःच अर्ज लिहिला, मोडक्यातोडक्या अक्षरात, मला न विचारता. भिंतीचं काम अजून सुरू नाही, पण चाळ जागेवर आहे.

मी नोकरी सोडली नाही. सर रोज पेपर वाचायला येतात. शनिवारी मी हॉल उघडून बसते. आजी कधीतरी बाहेरून जातात. यंदा पाणी किती आलं, असं मी एकदा विचारलं.

"इला थोडा," म्हणाल्या आणि पुढे गेल्या.