पितृपक्षातली सही

गाडीचा विमा म्हणजे काय, हे मी आयुष्यात तीन माणसांना समजावून सांगितलं. बाबांना, आईला आणि दादाला. तिघांनी शेवटपर्यंत मान डोलावली आणि तिघांना काहीही कळलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते काय, ते मी जोगेश्वरीच्या आमच्या दोन खोल्यांत महिनाभर ओतत होते.

मी तेव्हा अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते. घरात इंग्रजी कागद वाचू शकणारी मी एकटी. त्यामुळे रेशनकार्डापासून विजेच्या बिलापर्यंत जे काही छापील यायचं ते माझ्यापुढे पडायचं, आणि मी जे सांगेन त्यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही. बाबांची गिरणी बंद पडून वर्ष झालं होतं. ती पुन्हा चालू होणार म्हणून रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बसणं त्यांनी नुकतंच सोडलं होतं. दादा दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर होता. मनोरीची होडी मार्व्याच्या धक्क्याला लागली की मासळीच्या पाट्या भरायच्या आणि जोगेश्वरी-अंधेरीच्या बाजारात पोचवायच्या, हे त्याचं काम. गाडी स्वतःची असती तर, हे त्याचं रोजचं पालुपद.

गिरणीतून बाबांना जे काही मिळालं, ते सगळं त्यांनी त्या 'तर'वर लावायचं ठरवलं. मागे काही ठेवलं नाही. म्हातारपणाची सगळी काठी एका जुन्या टेम्पोच्या चार चाकांवर उभी करायची, हे मला पटलं नव्हतं, पण मला विचारलं कुणी?

गाडी घाटकोपरच्या एका माणसाची होती. माणूस सरळ होता, गाडीही बरी होती. भाद्रपद चालू होता. बाबा म्हणाले, जे काय करायचं ते अनंत चतुर्दशीच्या आत करा, पुढे पंधरवडा लागतो. मग काय, धावाधाव. चतुर्दशीच्या आदल्या दिवशी पैसे दिले, गाडी दारात आली, आईने हळदकुंकू लावलं, बाबांनी चाकाखाली नारळ फोडला. पेढे वाटले. कागद तेवढे राहिले.

कागद म्हणजे दोन ठिकाणचे. एक आरटीओचा, गाडी बाबांच्या नावावर करण्याचा. आणि दुसरा विमा कंपनीचा. घाटकोपरवाल्याचा विमा जानेवारीपर्यंत चालू होता, तोही फुल. दादाच्या डोक्यात विम्याचं एकच काम होतं, हवालदाराला दाखवणं. मी त्याला समजावलं की थर्ड पार्टी म्हणजे आपण दुसऱ्याला धडक दिली तर त्याची भरपाई, आपली गाडी मोडली तर आपलं आपण बघायचं. फुल म्हणजे आपल्या गाडीचंही नुकसान कंपनी भरते, म्हणून त्याचा हप्ता जास्त. दिवसभर रस्त्यावर पळणाऱ्या, पोटासाठी चालवायच्या गाडीला फुलच पाहिजे. दादा म्हणाला, "मग झालं की. फुल आहे ना? आलाय ना गाडीबरोबर?"

विमा गाडीबरोबर येतो, स्टेपनी येते तसा, ही त्याची समजूत. मी सांगितलं, तो पॉलिसीवर ज्याचं नाव त्याचा असतो, नाव बदलून घेतलं नाही तर तो कागद रद्दीत घालण्याच्या लायकीचा. आमच्याकडे विम्याचा एजंट येत असे, चाळीतल्या सगळ्यांचा तोच. त्यानेही तेच सांगितलं. जुन्या मालकाचं एक पत्र, नव्या मालकाचं एक पत्र, सोबत पॉलिसी. दोन दिवसांत नाव चढतं. घाटकोपरवाल्याने आपल्या पत्रावर तिथल्या तिथे सही करून दिली होती. बाबांचं पत्र मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत टाइप करून आणलं. खाली ठिपक्यांची ओळ ठेवली. तिच्यावर एक सही पाहिजे होती, बस.

पण तोवर पंधरवडा लागला होता.

बाबा म्हणाले, पितृपक्षात नवीन काही करायचं नाही. मी म्हटलं, गाडी चालते का मग? तर म्हणे गाडी आधीच घरात आली, ती आता जुनी. गाडी जुनी आणि तिच्यावरची सही नवी, हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात ते मला आजतागायत समजलेलं नाही. दादा रोज मार्व्याला जात होता, पाट्या भरत होता, ब्रेक मारत होता, गियर बदलत होता. पितरांची त्याला काही हरकत नव्हती. त्यांची सगळी हरकत म्हणे माझ्या त्या ठिपक्यांच्या ओळीला.

मी एजंटला गाठलं. म्हटलं, तुम्ही तरी बाबांना सांगा. विमा विकून पोट भरणारा माणूस, याला तरी कळेल. त्याने चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाला की त्यांचं बरोबर आहे ताई, या पंधरा दिवसांत मीही कुणाची नवी पॉलिसी करत नाही, लोक सहीच करत नाहीत, आमचा हा सुट्टीचा मोसम. मी हात टेकले. जगावर कधी काय कोसळेल सांगता येत नाही, असं वर्षभर दारोदार सांगत फिरणारा माणूस, आणि भाद्रपदाच्या वद्य पक्षात याच्या हिशेबी काही कोसळत नाही.

त्या दिवशी मी बाबांना नको ते बोलले. आईने सर्वपित्रीची यादी काढली होती, अळू, वडे, खीर, काय काय आणायचं. मी म्हणाले, वाढलेल्या पानावर आजोबांना विचारा एकदा, गाडी आपटली तर वरून पैसे पाठवणार आहात का. बाबा उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. त्यानंतर आमचा अबोला. दोन खोल्यांत अबोला धरणं किती कठीण असतं ते चाळीत राहिलेल्यांनाच माहीत. पाणी भरताना, नळापाशी, दर वेळी कुणी तरी एकाने भिंतीकडे बघायचं.

पंधरवड्याच्या अकराव्या दिवशी दादा मार्व्याहून येत होता. तबेल्यातली एक म्हैस दावं तोडून रस्त्यावर आली. तिला वाचवायला दादाने गाडी डावीकडे घेतली, ती सरळ विजेच्या खांबावर. दादाच्या हाताचं मनगट मोडलं. बाकी त्याला काही झालं नाही, म्हशीला तर काहीच नाही. गाडीचं तोंड मात्र आत गेलं, इंजिन मागे सरकलं आणि खालचा सांगाडा वाकला. दादा सांगत होता, लोक मदतीला धावले असं त्याला वाटलं, तर ते आधी पापलेटं गोळा करत होते. ज्या मनोरीच्या मावशीच्या पाट्या होत्या, ती दुसऱ्या दिवशी स्वतः घरी आली. आम्हाला वाटलं भरपाई मागणार. तिने दादाच्या प्लास्टरवरून हात फिरवला आणि म्हणाली, "मासली काय, उद्या परत येते. पोरगा आला ना घरी?" जाताना आईच्या हातात सुक्या बोंबलांची पुडी ठेवून गेली.

आता पुढची वरात माझी. मी रजा टाकून विमा कंपनीच्या ऑफिसात गेले. बाबा बरोबर आले. अबोला होता, तरी आले, दोन पावलं मागे चालत. साहेब सभ्य होते. त्यांनी पॉलिसी वाचली, घाटकोपरवाल्याने पैसे मिळाल्याची दिलेली पावती वाचली, तारखा पुन्हा बघितल्या. मग चष्मा काढून ते बाबांशी बोलले, माझ्याशी नाही.

"काका, विमा गाडीचा नसतो, माणसाचा असतो. ज्यांच्या नावावर पॉलिसी आहे त्यांचं काही नुकसान झालेलं नाही, त्यांना गाडीचे पैसे मिळालेत. नुकसान तुमचं झालंय, पण तुम्हाला आम्ही ओळखतच नाही."

इतकं स्वच्छ मला कधी सांगता आलं नव्हतं. बाबांनी मान डोलावली. या वेळी त्यांना कळलं होतं, हे मला त्यांच्या हातांवरून दिसलं. ते खुर्चीचे दांडे धरून बसले होते.

जिन्यात एजंट भेटला. त्याने हळूच एक तोड सुचवली. घाटकोपरवाल्याने क्लेम करायचा, गाडी अजून माझीच आहे, विक्री दसऱ्याला ठरली होती असं लिहून द्यायचं, पावती फाडायची. तो माणूस तयार होईल, थोडं त्यालाही द्यायचं. खोटं कशाला सांगू, मला ती कल्पना आवडली. सगळी मुंबई अशीच चालते, आमचंच घोडं पेंड खातं. पण बाबा म्हणाले, पैसे मी दिले, गणपती घरात बसलेले असताना दिले, नारळ मी फोडला. दिले नाहीत असं मी म्हणणार नाही. झालं. खरी सही करायला पितर आडवे आले आणि खोटी करायला गणपती. या माणसाशी माणसाने वागायचं तरी कसं?

गाडी पाच महिने चाळीच्या मागे ताडपत्रीखाली उभी होती. मांजरं तिच्यात व्याली. आईने पाटल्या काढून दिल्या, दादाने पुन्हा दुसऱ्याच्या टेम्पोवर जायला सुरुवात केली, आणि बाबांनी आमच्याच भागातल्या एका औषध कारखान्याच्या फाटकावर वॉचमनची नोकरी धरली. गिरणीत साच्यावर तीस वर्षं काढलेला माणूस येणाऱ्या-जाणाऱ्या साहेबांना सलाम ठोकायला लागला. खाकी शर्टाची कॉलर त्यांना घट्ट व्हायची. मी बसमधून ऑफिसला जाताना ते फाटक दिसायचं. मी दुसऱ्या बाजूच्या सीटवर बसायला लागले.

गाडी दुरुस्त होऊन रस्त्यावर आली तेव्हा विमा बाबांच्या नावाने, फुल, पहिल्या दिवसापासून. पुढे एका वर्षी त्याचं नूतनीकरण नेमकं पितृपक्षात आलं, कारण एजंटने मधे एकदा तारखा बदलून घेतल्या होत्या. बाबा स्वतःच एजंटला बोलवायला गेले. तो आला आणि कुरकुरायला लागला की चार दिवसांनी घटस्थापना आहे, मुदतही तोवर आहे. बाबांनी त्याच्यापुढून फॉर्म ओढून घेतला आणि सही केली. मग त्याला समोर बसवून अख्खी हकिकत पुन्हा सांगितली, जी त्याला माझ्याइतकीच पाठ होती. शेवटी नेहमीचं वाक्य. "पोरगी सांगत होती. चूक माझी. माझ्या हट्टापायी पोराची गाडी गेली."

हे वाक्य त्यांनी सगळ्यांना सांगितलं. शेजाऱ्यांना, गावाहून आलेल्यांना, माझ्या सासरच्यांना, फाटकावरच्या दुसऱ्या वॉचमनला. मी प्रत्येक वेळी तिथे असले की चहा गाळत असायचे, किंवा काहीतरी निवडत. आणि इतकी वर्षं मीही ही गोष्ट अशीच सांगत आले, वर सांगितली तशी. तिच्यातली एक सकाळ तेवढी गाळून.

पंधरवड्याचा आठवा दिवस होता. म्हैस सुटायला अजून तीन दिवस होते. मी आरशासमोर वेणी घालत होते, ऑफिसला उशीर झाला होता. आई नळावर होती, दादा गाडी घेऊन गेलेला. बाबा चष्मा लावून माझ्या मागे येऊन उभे राहिले. अबोला त्यांनीच मोडला. त्यांच्या हातात पेन होतं, दादाच्या खिशातलं, टोपण काढलेलं.

"त्या कागदावर नुसती सहीच पाहिजे ना? का आणखी काही लिहायचंय?"

कागद माझ्या पर्समध्ये होता. हाताच्या अंतरावर. विमा कंपनीचं ऑफिस माझ्या बसच्या वाटेवर होतं, त्याच दुपारी दिला असता तर तिसऱ्या दिवशी नाव चढलं असतं. मला राग होता. तीन दिवस भिंतीकडे बघून पाणी भरलं होतं, त्याचा. मी आरशातच बघत म्हणाले, "राहू दे आता. तुमच्या पितरांना कशाला त्रास? होऊ दे अमावास्या, मग करा."

बाबांनी पेनाला टोपण लावलं आणि दादाचा शर्ट जिथे टांगलेला होता तिथे, त्याच खिशात, नीट अडकवून ठेवलं.

ती सकाळ त्यांनी कधीच कुणाला सांगितली नाही, मलासुद्धा नाही.